खांबापासून पुढची पंगत

जळगावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत मी कॉम्प्युटर सांभाळायला लागलो, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. 'सांभाळायला' हा शब्द आमच्या व्यवस्थापकांचा. त्यांना सगळे नाना म्हणायचे. नानांच्या घरी म्हशी होत्या आणि कॉम्प्युटरकडेही ते त्याच नजरेनं बघायचे. रोज सकाळी काचेच्या खोलीत डोकावून विचारायचे, "काय म्हणतंय? बरंय ना? गरम तर नाही होत त्याला?" मी अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेलो, डोक्यात हवा भरलेली, त्यामुळे या प्रश्नाचा मला भयंकर राग यायचा. पण नानांनी माझ्या खोलीला नवा कूलर दिला होता आणि स्वतःच्या केबिनमध्ये जुना, खडखडणारा ठेवला होता. त्यामुळे राग गिळावा लागे.

काचेच्या खोलीत सर्व्हर होता. त्या खोलीत चपला काढून जायचं. हा नियम मी केलेला नव्हता. सर्व्हर आला त्या दिवशी नानांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, आणि नारळ फोडला म्हटल्यावर लोक आपोआप चपला काढायला लागले. बाहेरच्या मोठ्या खोलीत टायपिंगवाले बसत. त्यांच्या यंत्रांपासून सर्व्हरपर्यंत एक काळी केबल भिंतीच्या कडेनं फिरवलेली होती. कुणी काही टाईप केलं की ते या केबलमधून सर्व्हरच्या पोटात जाऊन बसे आणि दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला ते आपल्याच यंत्रात असल्यासारखं उघडता येई. आज याचं कुणाला काही वाटणार नाही. आम्ही मात्र तेव्हा पाहुण्यांना मुद्दाम बोलावून दाखवायचो.

आमचा खरा वाचक अग्रलेख वाचत नसे. तो आधी छोट्या सूचनांचं पान उघडे. कोण गेलं, कुणाची गंधमुक्ती कुठे आहे, कुणाला नातू झाला, कुठल्या पुढाऱ्याला कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि त्यात आपला फोटो आहे की नाही, हे सगळं त्या पानावर असे. गंधमुक्ती म्हणजे माणूस गेल्यानंतरच्या विधींचा आमच्याकडचा शेवटचा कार्यक्रम. त्याला लांबलांबचे सोयरे येतात, आणि पेपरात आलं की ते निमंत्रण समजलं जातं. घरोघर सांगत फिरायची गरज उरत नाही.

प्रत्येक सूचनेची एक फाईल, आणि दिवसभराच्या सगळ्या फायली सर्व्हरवरच्या एका डिरेक्टरीत. हल्ली तिला फोल्डर म्हणतात. त्या डिरेक्टरीचं नाव मी 'आज' असं ठेवलं होतं. संध्याकाळी पान लावणाऱ्याच्या यंत्रावर माझा एक छोटा प्रोग्राम चाले. तो केबलमधून 'आज' वाचायला घेई, एकेक फाईल उचलून रकान्यात लावी आणि लावलेली फाईल 'झालं' नावाच्या दुसऱ्या डिरेक्टरीत नेऊन टाकी. लगेच 'आज'मध्ये दुसऱ्या दिवशीच्या सूचना यायला सुरुवात होई. सगळं कसं छान, सुटसुटीत.

या सूचना टाईप करायच्या आमच्या ताई. माहेर धुळ्याजवळच्या एका खेड्यातलं, लग्न होऊन जळगावात आलेल्या. वयानं माझ्याहून लहान, पण सगळे ताई म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. टायपिंगच्या खोलीत त्या एकट्याच बाई. खुर्ची टोचते म्हणून त्यांनी घरून एक फुलाफुलांची उशी आणली होती, आणि ती उशी त्या खोलीतली एकमेव सुंदर वस्तू होती. सासूबाईंनी नोकरीला "बघू" म्हणून परवानगी दिलेली. ते "बघू" अजून चालूच होतं.

तर त्या उन्हाळ्यात सूचना गायब व्हायला लागल्या. गायब म्हणजे कायमच्या नव्हे. एक दिवस उशिरा छापून यायच्या. पहिला बळी गेला एका तालुका पातळीवरच्या पुढाऱ्याचा. त्यांचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी आला. कार्यकर्ते भडकले, पण पुढारी खूश झाले, कारण त्यांना दोन दिवस पेढे मिळाले. आम्ही हसून सोडून दिलं. मग एका बारशाला उशीर झाला. मग एक दुकान उद्घाटनाच्या सूचनेआधीच उघडलं. आणि मग अमळनेरच्या एका म्हाताऱ्याची गंधमुक्ती, ती होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात आली.

त्यांचा मुलगा पेपर घेऊन कचेरीत आला. डोक्यावरचे केस नुकते कुठे उगवू लागलेले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पेपर नानांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "माझी आत्या रोज पेपर वाचून घ्यायची, भावाचं कधी आहे ते बघायला. तिला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं." एवढं बोलून तो गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

नाना ताडताड टायपिंगच्या खोलीत आले. सगळे बसलेले, मीही तिथेच. नानांचा आवाज मुळातच मोठा, आणि त्या दिवशी तर तो रस्त्यावर ऐकू गेला असेल.

"ती सूचना राहिली कशी?"

"वेळेवरच टाकली होती, नाना," ताई म्हणाल्या.

"वेळेवर टाकली असती तर राहिली असती का? तूच उशिरा टाकली असशील! पान लागून गेल्यावर टाकलीस, म्हणून ती उद्याच्यात गेली."

"नाना, वेळेवरच टाकली होती."

खोलीतल्या प्रत्येकानं आपापल्या पडद्यात डोकं घातलं. मला नानांचा राग आला आणि त्याहून जास्त राग आला तो त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं याचा. फाईल कधी टाकली ते फाईलवर नोंदलेलं असतं, मग ते दाखवायचं, असं कुणीही म्हणेल. पण ती वेळ ज्याच्या त्याच्या यंत्राच्या घड्याळावरून लागायची, आणि ताईंच्या यंत्राच्या आतली बॅटरी मेलेली होती. ते रोज सकाळी १९८०च्या जानेवारीत जागं व्हायचं. त्याच्या हिशोबानं ताईंनी ती गंधमुक्ती प्राथमिक शाळेत असताना टाईप केली होती. असा साक्षीदार नानांपुढे कसा उभा करणार?

नाना जाता जाता म्हणाले, "आखाजीपर्यंत बघतो. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीला लेक माहेरी नाही गेली तरी एकवेळ चालतं, आखाजीला गेलीच पाहिजे. झाडांना झोके बांधतात, पोरीबाळी गाणी म्हणतात, पुरुष पारावर पत्ते कुटतात. ताई त्या दिवशी चहाच्या वेळी मला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या गावात आपला पेपर येतो. आबा पारावर बसून सगळ्यांना वाचून दाखवतात. छोट्या सूचनांचं पान आलं की वर बोट ठेवून सांगतात, हाई बठ्ठं मनी पोरनी करेल शे, हे सगळं माझ्या पोरीनं केलंय. आता या आखाजीला मी झोक्यावर बसून काय गाऊ? मला काढलं म्हणून?" त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, चीड होती. "तुमचं यंत्र खोटं बोलतंय. ते शोधा," म्हणाल्या. मी शोधतो म्हटलं. म्हटलं खरं, पण कुठून शोधायचं याचा मला पत्ता नव्हता.

पहिला संशय केबलवर. त्या काळची केबल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे अशी ओळीनं जाई आणि तिच्या दोन्ही टोकांना बूच लावावं लागे. मधे कुणी खुर्ची सरकवली, सांधा ढिला झाला, की सगळ्यांचंच बंद. मी जमिनीवर आडवा पडून सगळे सांधे तपासले. कपाटामागे एक उंदरीण सापडली. तिनं रविवारच्या पुरवणीची कात्रणं जमवून झकास घरटं केलं होतं आणि केबलचं वरचं साल कुरतडलं होतं. मी विजयानं ओरडलो. केबलचा तुकडा बदलला, उंदरिणीला बिऱ्हाडासकट हलवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सूचना राहिल्या. शांतपणे विचार केल्यावर मला कळलं, की केबल बिघडली तर सगळंच बंद पडतं. ती निवडून निवडून गंधमुक्ती गाळत नाही.

मग पुण्याहून इंजिनिअर आला. ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला त्यांचा माणूस. भर दुपारी जळगाव स्टेशनवर उतरला आणि तिथेच निम्मा वितळला. आमच्या कचेरीत त्यानं दिवसाचा बराच भाग कूलरपुढे काढला, सर्व्हरवर बसून माझा प्रोग्राम चालवून पाहिला, सगळ्या फायली नीट उचलल्या गेल्या. "यात काही दोष नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे ऊन फार आहे." नानांचा चेहरा उजळला. ते पहिल्या दिवसापासून हेच तर विचारत होते! त्यांनी ताबडतोब काचेच्या खोलीला वाळ्याचा पडदा लावून घेतला आणि त्यावर पाणी मारायला माणूस नेमला. सर्व्हरला सुगंध येऊ लागला. सूचना राहायच्या त्या राहतच होत्या.

माझं तर डोकं फिरायची वेळ आली. मी स्वतः मोजक्या फायली टाकून, केबलमधून, पान लावणाऱ्याच्याच यंत्रावरून प्रोग्राम चालवून बघे. एकही राहत नसे. खुद्द सर्व्हरवर बसून चालवला तर कितीही फायली असोत, एकही राहत नसे. संध्याकाळी खरं काम सुरू झालं की राहत. त्यातही एक होतं. लग्नाच्या तिथी दाट आल्या, सूचनांची गर्दी झाली, की हमखास राहत. सूचना कमी असल्या की सगळं सुरळीत. आणि सुरुवातीच्या फायली कधीच राहत नसत. राहायच्या त्या मधल्या.

ही गोष्ट टायपिंगवाल्यांच्याही लक्षात आली आणि त्यांनी तिच्यावर आपला उपाय काढला. प्रत्येकजण आपल्या फाईलचं नाव ए या अक्षरापासून ठेवू लागला, म्हणजे ती पहिली लागावी. डिरेक्टरी नावांच्या क्रमानं नसतेच, असं मी ओरडून सांगितलं. कोण ऐकतो! ज्याचा या सूचनांशी काही संबंध नव्हता, तो नाशिकच्या द्राक्षांचा भावसुद्धा ए पासून सुरू व्हायला लागला.

आखाजी जवळ आली. ताई सकाळच्या गाडीनं माहेरी जायला निघणार होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी यंत्र बंद केलं, टेबल पुसलं आणि खुर्चीवरची उशी पिशवीत घातली. मी म्हटलं, "ताई, उशी कशाला नेता? दोन दिवसांनी यायचंच आहे ना." त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. इथे कुणाला टोचत नाही." मला फार वाईट वाटलं. इतकं शिकून, या बाईचं साधं खरेपण मला सिद्ध करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या पान लावणाऱ्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं, एरंडोलजवळच्या गावात. मी जळगावहून एसटीनं गेलो. मन लागत नव्हतं, पण मांडवात शिरताच वांग्याच्या भाजीचा वास आला आणि मला मान्य करायला लाज नाही, दुःख जरा मागे सरलं. आमच्याकडच्या लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्टी म्हणजे कणकेचा भाजून तळलेला गोळा, तुपाशी चुरून खायचा. शेतात मांडव, मांडवाला ओळीनं खांब, खांबांच्या कडेनं जमिनीवर लांबलचक पंगत. मी तिसऱ्या खांबाच्या जरा पलीकडे बसलो. पुढ्यात पत्रावळ, वर मीठ.

वाढपी टोपलं घेऊन आला. एका टोकापासून बट्ट्या वाढत वाढत तिसऱ्या खांबापर्यंत पोचला आणि टोपलं रिकामं झालं. माझ्यापासून हातभर अंतरावर! तो टोपलं भरून आणायला चुलीकडे वळला. इतक्यात वधूपिता धावत आले. त्यांच्या लक्षात आलं होतं, की पहिल्या टोकाला चक्क व्याही मंडळी बसली आहेत, साध्या पंगतीत, जमिनीवर.

"अरे, व्याही मंडळी आठे कशी बसनी? त्यासले मझार बसाडा!"

मझार म्हणजे आत. व्याह्यांचा मान मोठा. त्यांच्यासाठी घरात पाट मांडलेले, रांगोळ्या काढलेल्या. सगळे व्याही "राहू द्या, राहू द्या" म्हणत उठले, वाढलेल्या पत्रावळी दुसऱ्यांनी उचलल्या आणि वरात आत गेली. पंगतीच्या तोंडाशी मोठी रिकामी जागा पडली. वधूपित्याला ती बघवेना. लग्नाच्या पंगतीत खिंडार म्हणजे घराची शोभा गेली.

"सरका रे भो, पुढे सरका! पंगतमा खाली जागा नही पाह्यजे!"

सगळी पंगत पत्रावळी धरून, बसल्या बसल्या पुढे सरकली. मीही सरकलो. आता मी तिसऱ्या खांबाच्या बराच अलीकडे आलो होतो. वाढपी टोपलं भरून परत आला. त्यानं तिसरा खांब बघितला आणि तिथून पुढे वाढत सुटला. मी आणि माझ्या दोन्ही बाजूंची माणसं कोरड्या पत्रावळींपुढे एकमेकांकडे बघत राहिलो.

मी हाक मारली, "दादा, आम्ही राहिलो!"

तो वैतागला. "तठेलोंग वाढेल शे. खांबलोंग वाढेल व्हतं."

"खांबापर्यंत वाढलं होतं, पण आम्ही सरकलो ना!"

"मंग मी काय करू? खांब तर तठेच शे!"

खांब तर तिथेच आहे. मी पंगतीतून उठून उभा राहिलो. लोकांना वाटलं विंचू चावला. मला त्या वाढप्याला मिठी मारावीशी वाटली, पण त्याच्या हातात तुपाचं भांडं देत होते. जे माझ्या पत्रावळीचं झालं तेच अमळनेरच्या गंधमुक्तीचं झालं होतं. आम्ही वेळेवर बसलो होतो. कुणी उशिरा आलं नव्हतं. पुढचे उठले, आम्ही सरकलो आणि वाढणारा खांबापासून पुढे गेला.

तुम्हाला वाटेल, मी लगेच धावत सुटलो असेन. तसं काही नाही. मी आधी पोटभर जेवलो. ती वांग्याची भाजी टाकून जाण्याइतका कामाचा कळवळा मला अजूनही आलेला नाही.

दुपारी जळगावात पोचलो आणि थेट सर्व्हरच्या खोलीत गेलो. चपला काढायच्या राहिल्या, त्यावरून ओरडाही खाल्ला. एक वेगळी डिरेक्टरी केली, तिच्यात खोट्या फायलींची नुसती रास घातली, लग्नसराईत असते तशी. मग पान लावणाऱ्याच्या यंत्रावरून, केबलमधून, माझाच प्रोग्राम चालवला. मधल्या फायलींचा एक घोसच्या घोस तसाच राहिला. पुन्हा चालवला. सगळ्या गेल्या. मी इतक्या मोठ्यानं हसलो की वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारणारा माणूस घाबरून आत आला.

नानांना बोलावलं. त्यांना खुर्ची दिली आणि लग्नातली पंगत पहिल्यापासून सांगितली. व्याही उठले तिथे नाना हसले. पंगत सरकली तिथे त्यांनी मान डोलावली, त्यांनीही आयुष्यात पुष्कळ पंगती सरकवल्या होत्या. मी राहिलो तिथे त्यांना माझी दया आली. मग म्हणाले, "ते सगळं ठीक. पण यात खांब कुठंय?"

"नाना, 'आज'मधल्या फायलींची नावं केबलमधून एकदम येत नाहीत. टोपल्यात मावतील तेवढीच येतात. मोजक्या असल्या तर एकाच टोपल्यात भागतं, मग कुणी राहत नाही. गर्दी असली की टोपलं रिकामं होतं आणि यंत्र पुन्हा विचारतं, मी अमक्या जागेपर्यंत आलो होतो, त्यापुढची नावं दे. ती जागा म्हणजे आपला खांब. पण मधल्या वेळात माझा प्रोग्राम पहिल्या टोपल्यातल्या फायली उचलून 'झालं'मध्ये नेतो. हे व्याही उठले. त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या म्हणून सर्व्हर उरलेल्यांना पुढे सरकवून मोजतो, आणि त्याच खांबापासून पुढची नावं देतो. अलीकडे सरकलेल्या तशाच उपाशी."

"मग पुण्याच्या माणसानं केलं तेव्हा का नाही राहिल्या?"

"तो सर्व्हरवरच बसला होता. तिथे टोपलं लागत नाही. तिथे माणसावर बोट ठेवून पुढे जातात, खांब लक्षात ठेवावा लागत नाही."

"मग आता?"

"आता आधी सगळ्यांना वाढायचं. शेवटच्या पानापर्यंत. तोवर कुणाला उठू द्यायचं नाही. सगळी नावं हातात आली की मगच फायली उचलायला सुरुवात."

"हे तर आपल्या आजोबांनाही माहीत होतं," नाना म्हणाले. "पंगत उठायची ती एकदम उठते."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. तो इतका वेळ पुसण्याइतका मळलेला नव्हता. मग म्हणाले, "म्हणजे ती पोरगी खरं बोलत होती."

"हो, नाना."

"दोनदा बोलली. मी ऐकलं नाही."

प्रोग्राममधला बदल अगदी थोडा होता. संध्याकाळी, आखाजीच्या अंकाची एवढी गर्दी असून, एकही सूचना मागे राहिली नाही. पान लागल्यावर नाना टायपिंगच्या खोलीत आले, ज्या जागी उभं राहून ओरडले होते तिथेच उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "त्या दिवशी मी ताईला बोललो ते चूक होतं. यंत्राचा दोष होता." ताईंची खुर्ची रिकामी होती. नानांनी त्या खुर्चीकडे बघितलं आणि मला म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं धुळ्याला जायचं. तू चल. ते खांबाचं मला सांगता यायचं नाही." अमळनेरला ते नंतर एकटेच जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आखाजीच्या दिवशी पारोळ्यावरून धुळ्याकडे जाणारी एसटी म्हणजे लेकीबाळींचा मेळाच. नाना खिडकीशी बसले होते, मांडीवर पेढ्यांचा पुडा. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "ती दार लावून घेईल का रे?" मी म्हटलं, "आखाजीला कुणी दार लावत नाही." खरं तर मलाही धाकधूक होती.

धुळ्याहून दुसरी गाडी करून गावात पोचलो. अंगणात मोठं निंबाचं झाड, झाडाला झोका, झोक्यावर ताई आणि त्यांच्या खाली फुलाफुलांची उशी. आम्हाला बघून झोका थांबला, गाणं थांबलं. पारावर पत्ते खेळणारे आबा, म्हणजे ताईंचे वडील, पत्ते तसेच टाकून उठून आले. नानांचे पांढरे कपडे बघून त्यांना वाटायचं तेच वाटलं.

"पोरनं काही चुकनं का, साहेब?"

"नाही, आबा. माझं चुकलं." नाना उन्हातच उभे राहिले. शेजारपाजारचे गोळा झाले होते. "मी हिला दहा माणसांत खोटं पाडलं. ती खरं बोलत होती. म्हणून दहा माणसांतच सांगायला आलो. कामावर तिच्याशिवाय चालणार नाही."

मग मी खांबाची गोष्ट सांगितली. कॉम्प्युटर न बघितलेल्या त्या गावाला ती पुण्याच्या इंजिनिअरपेक्षा लवकर समजली. एका म्हाताऱ्यानं तर स्वतःवर असा प्रसंग कुठल्या लग्नात आला होता ते सांगितलं, आणि त्याला तो राग अजून होता. आबा घरात जाऊन सकाळचा पेपर घेऊन आले आणि छोट्या सूचनांचं पान उघडून झोक्याजवळच्या बाजेवर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. ताई झोक्यावरून उतरल्या. "उन्हात का उभे? हातपाय धुवा, जेवायला बसा," एवढंच म्हणाल्या.

ओसरीवर पंगत बसली. आबा, नाना, मी, ताईंचे भाऊ, शेजारी. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया. वाढायला ताई स्वतः. त्यांनी माझ्या पानावर पोळी वाढली, मग नानांचं पान ओलांडून आबांच्या पानावर वाढली, मग सरळ शेवटपर्यंत वाढत गेल्या आणि रिकामं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. रस आला, तोही तसाच नानांना ओलांडून गेला. कुरडयाही गेल्या. नानांच्या पानात फक्त मीठ. मी बोलणार होतो, पण आबांनी मिशीतल्या मिशीत हसत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सगळी पंगत खाली बघून जेवू लागली.

नानांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कचेरीत कुणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात म्हणाले, "ताई, माझं पान राहिलं."

ताई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"राहिलं कसं? तुम्हीच उशिरा बसला असाल."

नानांनी आपल्या रिकाम्या पानाकडे बघितलं, मग ताईंकडे. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"वेळेवरच बसलो होतो, ताई," नाना म्हणाले.

"माहीत आहे," ताई म्हणाल्या, आणि पाठीमागे झाकून ठेवलेली सगळ्यात मोठी पोळी त्यांनी नानांच्या पानावर वाढली.